घरच्या मशीनवरचा स्ट्रीट फायटर २: पार्लरच्या सर्वांत जवळ कोणता?

हडोकन म्हापसेकर
मंडळी, या चवथीला गावच्या घरी सगळी भावंडं जमतायत. आरत्या, फुगड्या, पत्ते आटोपले की रात्री स्ट्रीट फायटर २ चा फड लावायचा बेत आहे. ट्यूबवाला जुना टीव्ही अजून धडधाकट आहे. एम्युलेटर (जुना खेळ संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर) नको, फोन तर नकोच. खरं मशीन, खरी कार्ट्रिज. कुठल्या मशीनवरची आवृत्ती शोधू? अट एकच: म्हापशाच्या बसस्टँडजवळच्या पार्लरात जे खेळलो, त्याच्या सर्वांत जवळची हवी.

माझं मत सुपर निन्टेंडोच्या पारड्यात. पार्लरवाला खेळ आला १९९१ साली आणि ही कार्ट्रिज १९९२ साली. १६ मेगाबिट, म्हणजे दोन एमबी. तेवढ्यात आठ लढवय्ये, चार बॉस, सगळ्यांचे देश आणि वर ते संगीत. चित्रं थोडी लहान झाली, धालसिमच्या मागचे हत्ती कमी झाले, ठीक आहे. पण कानाला सुख आहे. सेगाच्या मेगाड्राइव्हवर केन ओरडतो तेव्हा त्याच्या घशात बांगड्याचा काटा अडकलाय असं वाटतं.

होऊन जाऊ दे.

खाजेवाला
खाजें घेऊन पहिल्या रांगेत बसलो आहे. वास्कोचे बोके आत्ता येतील.

वास्कोचा बोका
आलो.

म्हापसेकर, चवथीला भावंडं जमणार म्हणता आणि पहिली सुपर निन्टेंडो आवृत्ती आणता? त्यात दोघांना एकच लढवय्या घेता येत नाही. रियू एक आणि त्याला मागणारे सहाजण. नैवेद्याआधी मारामारी होईल, आणि ती स्क्रीनवर नसेल. बॉस तर हातात येतच नाहीत. सगात, वेगा यांचा नुसता मार खायचा.

मेगाड्राइव्हची १९९३ ची स्पेशल चॅम्पियन एडिशन घ्या. २४ मेगाबिट. बाराही जण खेळायला मिळतात, रियू विरुद्ध रियू चालतं, चॅम्पियन आणि हायपर दोन्ही वेग एकाच कार्ट्रिजमध्ये. आमचा काका तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला होता, त्याने कुठल्याशा बंदरातून आणली होती. वाड्यावरची पोरं आमच्या सोप्यावर पडीक असायची. आणि ऐका, पार्लरच्या बोर्डावर ६८००० जातीची चिप, १० मेगाहर्ट्झवर. मेगाड्राइव्हमध्ये तीच जात, साडेसातच्या थोडी वर. तुमच्या निन्टेंडोत? साडेतीन.

तिसवाडी
बोकेदादा, मेगाहर्ट्झ म्हणजे नारळ नव्हेत, नगावर मोजायला. दोन्ही चिप्सची जात वेगळी, एका ठोक्यात होणारं कामही वेगळं. तसं असतं तर सुपर निन्टेंडोवरचा खेळ अर्ध्या वेगाने रांगला असता. रांगतो का?

बाकी दोघांनाही रियूच हवा असेल तर पहिल्या कार्ट्रिजवरही उपाय आहे. सुरुवातीला कॅपकॉमचं, म्हणजे खेळ बनवणाऱ्या कंपनीचं, नाव झळकतं तेव्हा खाली, आर, वर, एल, वाय, बी. पटापट. बरोबर लागलं की दोघांना एकच गडी घेता येतो. बॉस मात्र तरीही मिळत नाहीत, ते बोक्याचं खरं.

खाजेवाला
खाली, आर, वर, एल... हे म्हणता म्हणता आमच्याकडे करंट जातो.

कुळागर
मेगाड्राइव्हची भलामण करणाऱ्यांनी पॅडबद्दल मात्र तोंडातून अवाक्षर काढलेलं नाही. खेळाला सहा बटणं लागतात: तीन ठोसे, तीन लाथा. मेगाड्राइव्हबरोबर जो पॅड यायचा त्याला बटणं तीन. मग लाथा कुठे? तर स्टार्ट दाबायचं, की तीच तीन बटणं ठोश्यांची लाथांना लागतात. पुन्हा ठोसा हवा, पुन्हा स्टार्ट.

समोर गाइल कोपऱ्यात बसून सॉनिक बूम फेकतोय. मी उडी घेतो, हवेत जोराची लाथ घालायची आहे, आणि पॅड ठोश्यांवर आहे. अंगठा स्टार्टकडे जातो, तेवढ्यात गाइलची उलटी कोलांटी माझ्या हनुवटीवर. हे दर डावाला. सहा बटणांचा पॅड सेगाने १९९३ मध्ये काढला, कबूल. पण आमच्यासारख्यांच्या घरी मशीन दुबईहून यायचं आणि पॅड खोक्यात असेल तोच. वेगळा पॅड मागवायला कुणाची प्राज्ञा? मामाला चॉकलेटं, साबण आणि अत्तर यांच्या यादीत तो कधी बसलाच नाही.

सुपर निन्टेंडोला सहा बटणं जन्मजात. वर चार आणि खांद्यावर दोन. तिथेच निकाल लागला.

वास्कोचा बोका
सहाबटणी पॅड एकदा हातात घेऊन बघा, मग बोला. वर तीन ठोसे, खाली तीन लाथा, दोन सरळ ओळी. पार्लरच्या फळीवर जशा होत्या अगदी तशा. निन्टेंडोवर जोराचा ठोसा डाव्या खांद्यावर आणि जोराची लाथ उजव्या खांद्यावर. पार्लरात कुणी खांद्याने मारलंय का?

आबोली
मी मारलंय, आणि दोन्ही भावांना मारलंय. (भावंडं म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर भाऊच का येतात?)

चुन-ली घेऊन खेळायचे. तिची भरभर लाथ तेच बटण बडवून येते, त्यामुळे मला बटणांच्या जागेचा फारसा त्रास नव्हता. खरा फरक डाव्या अंगठ्याखाली आहे, त्याबद्दल कुणी लिहिलंच नाही. निन्टेंडोचा क्रॉस टणक आणि कडांचा. खाली-तिरकं-पुढे केलं की तिरकं निसटायचं, हडोकनऐवजी (हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा) नुसता ठोसा निघायचा आणि आमचा धाकटा खिंकाळायचा. मेगाड्राइव्हची तबकडी गोल, त्यावर अंगठा घसरत जातो. अर्धवर्तुळाच्या चाली तिच्यावर लोण्यासारख्या. उलट गाइल किंवा ब्लांका, ज्यांना मागे दाबून धरून मग पुढे मारायचं असतं, त्यांना निन्टेंडोचा क्रॉस बरा. अंगठ्याला कळतं आपण नक्की मागे आहोत ते.

म्हणजे कोण काय खेळणार ते आधी विचारा. झांगिफवाले घरात किती आहेत?

हडोकन म्हापसेकर
ताई, झांगिफवाला एकच, आणि तो पूर्ण गोल फिरवताना पॅडसकट आडवा होतो.

रंपणकार
चर्चा मजेदार चालली आहे, पण सगळे टीव्हीला विसरलात.

आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० वेळा चित्र. अमेरिका-जपानचे एनटीएससी, ६० वेळा. पार्लरचं यंत्र साठच्या आसपास. हे खेळ चित्राच्या ठेक्यावर चालतात. त्यामुळे साठसाठी लिहिलेला खेळ नीट न जुळवता पन्नासच्या मशीनवर आणला की तो सुमारे १७ टक्के सावकाश चालतो, शिवाय चित्र चपटं होऊन वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. युरोपात विकल्या गेलेल्या पहिल्या सुपर निन्टेंडो आवृत्तीचं हेच झालं. आखातातून आणि युरोपातून आपल्याकडे येणारी मशीनं बहुतेक पालच. म्हणजे इथे निम्मे लोक ज्या आवृत्तीवर भांडतायत ती त्यांनी खऱ्या वेगात पाहिलेलीच नाही.

बरं, अमेरिकेतून मशीन आणलं तर? साध्या पाल टीव्हीवर चित्र काळं-पांढरं किंवा फिरत राहणारं. आखातातून आलेले मल्टिसिस्टिम टीव्ही होते त्यांच्यावर रंगीत दिसायचं. म्हापसेकर, आधी टीव्हीच्या पाठीवरचं लेबल वाचा, मग कार्ट्रिज शोधा.

आणि एक: अमेरिकन अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो. आपली वीज २३०. आमच्या शेजारच्या दोतोराच्या घरी पोरांनी तो सरळ भिंतीत खोचला. धूर आला, वास आला, आणि पुढची दोन वर्षं त्या घरात कॅरम.

खाजेवाला
कॅरमला पाल-एनटीएससीची भानगड नाही. फक्त पावडर.

पर्वरीचा पॉल
काका-मामांनो, तुमचं झालं असेल तर सांगतो. घरच्या आवृत्तीने पार्लरला मागे टाकलं ते टेकन ३ ने. पार्लरात १९९७, प्लेस्टेशनवर १९९८. पार्लरचा सिस्टिम १२ हा बोर्डच मुळात प्लेस्टेशनच्या पोटचा, फक्त जास्त ताकदीचा. घरी आणताना नामकोने मागची त्रिमिती दृश्यं सपाट चित्रांवर भागवली, पण ६० चा वेग सोडला नाही. वर टेकन फोर्स, टेकन बॉल, आणि तो पिटुकला डायनासोर गॉन. पार्लरात यातलं काहीच नव्हतं. पणजीत तर पार्लरं म्हणजे प्लेस्टेशनच लावून ठेवलेले टीव्ही होते, तासावर पैसे. पार्लर आणि घर यांत फरक काय राहिला?

तिसवाडी
टेकनवाल्यांनी प्लेस्टेशनची दुसरी बाजूही सांगावी. एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर आठवतो? पार्लरात लढता लढता जोडीदार बदलता यायचा, सगळी गंमत त्यातच. प्लेस्टेशनची मुख्य स्मृती दोन एमबी. चार लढवय्यांच्या हालचाली एका वेळी बसेनात, म्हणून घरच्या आवृत्तीत जोडीदार बदलणंच काढून टाकलं. तेच सेगा सॅटर्नवर जपानात चार एमबीची जादा रॅम कार्ट्रिज लावून जसंच्या तसं चाललं. त्या काळात द्विमिती मारामारीसाठी सॅटर्नच्या जवळपासही कुणी नव्हतं. पण सॅटर्न गोव्यात कुणाकडे पाहिलाय का? मी तरी नाही.

पर्वरीचा पॉल
मी चित्रात पाहिलाय.

कुळागर
अवांतर: पार्लरचा विषय निघाला आणि अजून कुणी मुस्तफाचं नाव काढलं नाही? कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, १९९३. पिवळी टोपीवाला. रांग त्यालाच असायची, स्ट्रीट फायटरला नव्हे.

खाजेवाला
मुस्तफासाठी वेगळा धागा काढा. तिथे मी भाजी-पाव घेऊन बसेन.

जुनाजाणता फोंडेकर
बराच वेळ नुसता वाचत होतो. मूळ प्रश्न ‘पार्लरच्या सर्वांत जवळ’ असा आहे ना? मग म्हापसेकर, एवढं सांगा: तुमच्या त्या पार्लरात हवेत उडी मारून हडोकन टाकता यायचा का? आणि खेळता खेळता स्टार्ट दाबलं की रियूचा ब्लांका व्हायचा का?

हडोकन म्हापसेकर
अहो, व्हायचा तर! शोर्युकेन (उडी घेऊन मारायचा ठोसा) मारला की अंगातून चेंडूच चेंडू निघायचे. आणि काही हडोकन सरळ न जाता वळवळत माणसाच्या मागे लागायचे. आम्ही त्याला मोठ्या पोरांची चाल म्हणायचो.

जुनाजाणता फोंडेकर
मग तुम्ही कॅपकॉमचा खेळ खेळतच नव्हता, बाब. ती चॅम्पियन एडिशनची, म्हणजे खेळाच्या पुढच्या सुधारित आवृत्तीची, चोरटी आवृत्ती, रेनबो म्हणून ओळखली जाते. १९९२ च्या सुमाराला कुणीतरी मूळ बोर्डातल्या रॉम चिप्स बदलून हा धुमाकूळ घातला आणि जगभर नकली बोर्ड सुटले. आपल्याकडे भंगारभावात येणारे बोर्ड बहुतांशी तसलेच. पार्लरवाल्याला कसला फरक पडतो? पोरं टोकन टाकतायत ना.

माझा एक दोस्त अशी यंत्रं दुरुस्त करायचा, त्याच्याबरोबर मी फिरलोय. कॅबिनेट उघडलं की आत टीव्हीची उघडी ट्यूब, खाली लाकडी फळीवर बोर्ड, आणि त्याच्या कडेला एक लांब कनेक्टर. ती जामा पद्धत. तिच्यातून कांडी आणि प्रत्येकी तीन बटणं एवढंच जातं. स्ट्रीट फायटरच्या लाथांसाठी बोर्डावर वेगळा छोटा कनेक्टर असतो, त्याला वेगळी वायर ओढावी लागते. पुष्कळ ठिकाणी ती वायर नसायची. फळीला सहा भोकं, सहा बटणं, पण खालची तीन नुसती शोभेची. मडगावच्या एका पार्लरात मी स्वतः जोडून दिली होती. दुसऱ्या दिवशी पोरांना वाटलं नवीन खेळ आला.

गंमत म्हणजे या चोरट्या आवृत्त्यांचा धुमाकूळ बघून कॅपकॉमनेच त्याच वर्षाअखेरीला हायपर फायटिंग काढला: वेग वाढवलेला, रियू-केनला हवेत फिरती लाथ दिलेली. म्हणजे तुमच्या म्हापशाच्या चोरीचा वास अस्सल मालालाही लागला.

आबोली
थांबा, म्हणजे मडगावला लाथा चालत नव्हत्या म्हणून मला सगळे हसायचे, चुन-ली घेते म्हणून?

जुनाजाणता फोंडेकर
ताई, वायरच नव्हती. तुमचा काय दोष.

वास्कोचा बोका
हे ऐकल्यावर माझी बाजू आणखी भक्कम झाली. वायर नसलेल्या कॅबिनेटमध्ये तीन बटणं, मेगाड्राइव्हच्या जुन्या पॅडला तीन बटणं. कुळागर, तुम्ही रडत होता तो अस्सल मडगावी अनुभव होता!

कुळागर
ठ्ठो! पण मडगावला मार तरी टोकनभरच मिळायचा.

रंपणकार
जुनेजाणते, दंडवत. आता मूळ प्रश्नाला दोन वाटा फुटल्या. चोरट्या रेनबोच्या जवळचं अधिकृत कुठल्याच कार्ट्रिजवर नाही, तो नाद सोडा. पण त्या पार्लरातला दणका, म्हणजे वेग, बारा जण, कुणी कुणाशीही लढावं ही मुभा, एवढं हवं असेल तर पहिली १९९२ वाली कार्ट्रिज बाद. उरल्या १९९३ च्या दोन: मेगाड्राइव्हची स्पेशल चॅम्पियन आणि सुपर निन्टेंडोची टर्बो (हायपर फायटिंगचीच घरची आवृत्ती).

तिसवाडी
पीसी इंजिन विसरलात. १९९३ मध्येच जपानात त्यावर चॅम्पियन एडिशन आली, २० मेगाबिटच्या पत्त्याएवढ्या कार्डावर. मशीनचा मूळ पॅड दोन बटणांचा, म्हणून त्यासाठीही सहाबटणी पॅड काढला गेला. रंग आणि आवाज दोन्ही बरे. जपानबाहेर विकली नाही, त्यामुळे ती म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळण्याची शक्यता शून्य.

टर्बोबद्दल: तीही २० मेगाबिट. वेग ताऱ्यांवर ठरवता येतो, आणि गुप्त कोडने तारे दहापर्यंत जातात. दहावर माणूस खेळत नाही, नुसता थरथरतो. पण सात-आठवर मजा आहे. आवाज निन्टेंडोचा, म्हणजे केनच्या घशात काटा नाही.

वास्कोचा बोका
घशातल्या काट्याचं एकदाच मिटवतो. एका हौशी प्रोग्रामरने बऱ्याच वर्षांनी त्या मेगाड्राइव्ह खेळाचा आवाज वाजवणारा भाग नव्याने लिहिला, आणि तेच मशीन स्वच्छ बोलायला लागलं. म्हणजे खोट मशीनमध्ये नव्हती, त्या वेळच्या घिसाडघाईत होती. आणि संगीत म्हणाल तर पार्लरच्या बोर्डावरही यामाहाची एफएम चिप, मेगाड्राइव्हवरही यामाहाचीच. सुपर निन्टेंडो ६४ केबी स्मृतीत नमुने कोंबून वाजवतो, म्हणून गोड लागतो, पण थोडं पाण्याखालून आल्यासारखं. पार्लरात ते संगीत गोड नव्हतंच. कर्कश होतं. रस्त्यावर कदंब बसचा हॉर्न आणि आत गाइलचं संगीत, दोन्ही एकाच सुरात.

आबोली
गाइलच्या संगीताला कर्कश म्हणणाऱ्याचा निषेध.

पर्वरीचा पॉल
एक बाळबोध शंका. २०१८ ला स्ट्रीट फायटरच्या तिसाव्या वाढदिवसाचा संग्रह आला, त्यात पार्लरच्या बारा आवृत्त्या जशाच्या तशा आहेत. मग जुनी कार्ट्रिज कशाला शोधायची?

हडोकन म्हापसेकर
कारण माझा टीव्ही ट्यूबवाला आहे. सपाट टीव्ही आलेलं चित्र आधी ताणतो, चकचकीत करतो, मग दाखवतो. तेवढ्यात गाइलने मारलेलं असतं. जुन्या ट्यूबवर बटण आणि ठोसा यांच्यात काही शिरत नाही.

तर आत्तापर्यंतचा हिशेब असा. टीव्हीच्या पाठीमागे पाहिलं, पाल आणि एनटीएससी दोन्ही लिहिलंय, मावशीने मस्कतहून आणलेला आहे. म्हणजे साठचं मशीन चालेल. डिचोलीच्या चुलत्याच्या माळ्यावर एक जपानी मेगाड्राइव्ह निघालं आहे, पॅड दोन, एक सहाबटणी आणि एक तीनबटणी. टर्बोची कार्ट्रिज मिळतेय, पण विकणारा किंमत अशी सांगतोय की तेवढ्यात माटोळी (गणपतीवर बांधायचं फळाफुलांचं छत) सोन्याची बांधून होईल. त्यामुळे यंदा मेगाड्राइव्ह. तीनबटणी पॅड जिंकणाऱ्याला, सहाबटणी हरणाऱ्याला, असा नियम करतोय.

कुळागर
हा नियम अमानुष आहे. मंजूर.

रंपणकार
जपानी मशीन म्हणजे अडॅप्टर १०० व्होल्टचा. वर काय लिहिलं होतं मी?

हडोकन म्हापसेकर
वाचलंय, वाचलंय. नवा अडॅप्टर आणतोय. व्होल्ट किती, अँपिअर किती, आणि टोकाला प्लस आत की बाहेर?

जुनाजाणता फोंडेकर
मशीनच्या पाठीवर गोल खुणेजवळ छापलेलं असतं, त्याचा फोटो काढून इथे टाका. न बघता काहीही खोचू नका. आणि कार्ट्रिजच्या सोनेरी पट्ट्या फुंकून नव्हे, स्पिरिट लावलेल्या कापसाने पुसा. माळ्यावरचा पावसाळी दमटपणा त्यांच्यावर बसलेला असणार.

खाजेवाला
फोटोत माळ्यावरची पाल पण आली तर ती पन्नासची की साठची ते सांगा.